बाबांनी सांगितलेलं सरिस्का

हे लिहावं की नाही, असं माझं बरेच दिवस चाललं होतं. शेवटी बाबांनाच विचारलं. ते म्हणाले, "लिही, पण साहेबांचं नाव टाकू नको." मी म्हटलं, यात साहेबांचं काही नाहीच. तर म्हणाले, "तरी नको." म्हणून मी कुणाचंच नाव टाकत नाही.

आम्ही दिल्लीत सरकारी क्वार्टरमध्ये राहतो. आईबाबा दोघंही विदर्भातले. बाबा लग्नाआधीच नोकरीसाठी इकडे आले, आणि तेव्हापासून एका सरकारी कार्यालयात ड्रायव्हर आहेत. माझा जन्म इथला, शाळा इथली. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. इतिहास घेऊन बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मराठी मी घरात शिकले, वर्गात नाही, त्यामुळे एखादा शब्द मला सापडत नाही आणि मी हिंदीवर जाते. या लेखात तसं होऊ नये म्हणून आईला विचारून विचारून लिहिलं आहे.

बाहेरगावाहून कार्यालयात पाहुणे आले की त्यांना फिरवून आणायची ड्युटी अनेकदा बाबांवर यायची. आग्रा, जयपूर, आणि ज्यांना जनावरं बघायची हौस असेल त्यांच्यासाठी राजस्थानातलं सरिस्काचं जंगल. दिल्लीहून चार तासांचा रस्ता. गुरुग्रामच्या उंच इमारती मागे पडतात, मग मोहरीची शेतं लागतात, आणि अलवर सोडलं की अरवलीचे डोंगर एकदम रस्त्याला लागून उभे राहतात. हे सगळं मला तिथे जायच्या कितीतरी आधीपासून माहीत होतं, कारण बाबा सांगायचे.

सरिस्काहून आले की दुसऱ्या दिवशी जेवताना बाबा सुरू करायचे. एरवी ते कमी बोलतात. ऑफिसातलं तर काहीच सांगत नाहीत. पण जंगलाचं सांगताना त्यांचा हात ताटातच थांबायचा. वळणावर उभं असलेलं सांबर, त्याच्या शिंगांवर अडकलेलं गवत. खाऊ दाखवला की थेट तळहातावर येऊन बसणारा लांब शेपटीचा तांबूस पक्षी. नाल्याच्या वाळूत वाघाच्या पंजाचा ठसा, आणि त्यात नुकतंच झिरपायला लागलेलं पाणी, म्हणजे वाघ आत्ताच गेलेला. आई भाकरी थापता थापता ऐकायची आणि मध्येच म्हणायची, "आणि मग?" बाबांना पुढचं सांगावं लागायचं.

आईची सगळ्यात आवडती गोष्ट तळ्याची होती. जंगलाच्या आत एक तळं आहे. दुपारी काठावरच्या खडकावर मगर ऊन खात पडलेली असते, आणि तिच्यापासून चार पावलांवर सांबर पाणी पितं. मगर डोळे उघडून बघते आणि पुन्हा मिटते. सांबरही बिचकत नाही. बाबांनी हे एकदा सांगितलं असेल, दोनदा सांगितलं असेल. आईने मात्र ते कितीतरी वेळा सांगितलं: नागपूरच्या मावशीला फोनवर, शेजारच्या पंजाबी काकूंना हिंदीत, आणि गेल्या पावसाळ्यात आमच्या भागातल्या विहारात, बायकांच्या रविवारच्या बैठकीत. त्या दिवशी मैत्रीभावनेवर बोलणं चाललं होतं. आई सहसा मागे बसते. त्या दिवशी ती उठली आणि तिने तळ्याचं सांगितलं. सगळ्या गप्प होऊन ऐकत होत्या. एका वयस्क ताईंनी विचारलं, "तुम्ही बघितलं?"

"यांनी बघितलं," आई म्हणाली. "डोळ्यांनी."

"मग एखादा फोटो आणा की. लहान मुलींच्या वर्गाला दाखवता येईल."

आईने आणते म्हणून सांगितलं. घरी आल्यावर तिने बाबांना विचारलं तर ते म्हणाले, ड्युटीवर असताना फोटो काढत नाहीत. आई म्हणाली, "मग बिनड्युटीचं चला." हिवाळाभर ती तेच म्हणत राहिली. वर्षभरापूर्वी बाबांनी कुणाची तरी वापरलेली एक छोटी गाडी घेतली होती, त्यामुळे गाडी नाही हे कारण उरलं नव्हतं. बाबा दुसरी कारणं काढायचे. पावसात जंगल बंद असतं. थंडीत धुकं असतं. पुढच्या महिन्यात बघू. मला वाटायचं, आठवडाभर गाडी चालवून माणसाला सुट्टीच्या दिवशी पुन्हा स्टिअरिंग नको वाटत असेल.

फेब्रुवारीत माझी परीक्षा संपली आणि मी त्यांना न विचारताच दुपारच्या सफारीचं तिघांचं बुकिंग करून टाकलं. बाबांना मोबाईल दाखवला. त्यांनी तो जरा लांब धरून वाचला आणि म्हणाले, "तिघांचं काहून केलं?"

"आपण तिघंच आहोत ना, बाबा."

"हां," ते म्हणाले. "बरोबर आहे."

निघालो तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. आईने नवी साडी नेसली होती आणि डब्यात पुऱ्या घेतल्या होत्या. बाबांनी रस्ताभर एकदाही मोबाईलवर नकाशा लावला नाही. इथे खड्डा आहे, इथे ट्रक उलट्या बाजूने येतात, या ढाब्यावर बाथरूम साफ असतं, सगळं पाठ. अलवरच्या पुढे घाट लागला. रस्ता डोंगराला चिकटून वळत वर जातो, आणि एका वळणावर खाली अचानक मोठा तलाव दिसतो. पाणी जवळजवळ करडं होतं, पलीकडच्या डोंगराची सावली त्यात अर्ध्यापर्यंत आली होती. बाबांनी गाडी बाजूला घेतली.

"हेच का ते तळं?" आईने विचारलं.

"हा सिलिसेढ. ते आत आहे."

आई खाली उतरून दगडी कठड्यापाशी उभी राहिली. वारा होता. तिने डोक्यावरून पदर घट्ट केला आणि मला म्हणाली, "बघ, तुझ्या बाबांनी जसं सांगितलं होतं तसंच आहे. पाण्यात डोंगर उलटा." बाबा गाडीची काच पुसत होते. काच स्वच्छच होती.

सरिस्काच्या गेटापाशी पोचलो तेव्हा सफारीला तासभर अवकाश होता. बाबांनी गाडी नेली ती सरळ एका मोठ्या झाडाखाली, जिथे टॅक्सीवाले आणि दुसऱ्या गाड्यांचे ड्रायव्हर बसले होते. दोघातिघांनी हात वर करून त्यांना ओळख दिली. आई बाथरूमकडे गेली. बाबा आमची ओळखपत्रं घेऊन खिडकीवरच्या रांगेत उभे राहिले. मी तिथल्या टपरीवर चहा घ्यायला गेले. टपरीवाले म्हातारे गृहस्थ होते, कानाला मफलर गुंडाळलेला. त्यांनी बाबांकडे बोट केलं.

"आप भाईसाब की बिटिया हो?"

मी हो म्हटलं. त्यांनी माझ्याकडून पैसे घेतले नाहीत.

"बीस साल से आ रहे हैं. पूरा पूरा दिन यहीं बैठते हैं, मेरे पास. मैं हर बार कहता हूँ, एक बार तो अंदर हो आओ, गाड़ी मैं देख लूँगा. कहते हैं, ड्यूटी है." ते हसले. "चलो, आज तो टिकट वाले बनके आये. पहली बार अंदर जायेंगे."

मी "पहली बार?" असं विचारलं की नाही, ते मला आठवत नाही. बहुतेक विचारलं नाही. चहाचे तीन कागदी कप हातात घेऊन तिथेच उभी राहिले.

आधी मला राग आला असं लिहिलं तर ते खरं होणार नाही. आधी मला काहीच वाटलं नाही. मी नुसता हिशोब जुळवत होते. सांबराच्या शिंगांवरचं गवत कुणी पाहिलं होतं? वाळूतला ठसा? हळूहळू लक्षात आलं. परतीच्या चार तासांत मागच्या सीटवर बसलेली माणसं एकमेकांना काय काय सांगत असणार. लहान मुलं तर तेच तेच पुन्हा सांगतात. आणि पुढे बसलेला माणूस आरशात न बघता सगळं ऐकत असणार, लक्षात ठेवत असणार, आईला सांगायचं म्हणून. जाताना पाहुणे गेटातून सफारीच्या जिप्सी गाडीत बसून आत जायचे आणि बाबा झाडाखाली राहायचे. येताना मात्र सगळे एकाच गाडीतून यायचे.

हे मला इतक्या लवकर का कळलं, तेही सांगायला हवं. कॉलेजच्या पहिल्या वर्षी कँटीनमध्ये मुली सुट्ट्यांचं बोलायच्या. कुणी डोंगरात गेलेली, कुणी समुद्रावर. मी नुसती मान हलवायचे. एकदा एकीने मला थेट विचारलं, तू कुठे जातेस? मी म्हटलं, आम्ही सरिस्काला जातो, खूपदा. आणि मी तळहातावर बसणाऱ्या त्या तांबूस पक्ष्याचं सांगितलं. त्याच्या नख्या कशा हलक्या टोचतात, तेसुद्धा. त्या दिवशी पहिल्यांदा सगळ्या टेबलाने माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकलं. म्हणजे माझ्या हातावर न बसलेला पक्षी बाबांच्याही हातावर बसला नव्हता. त्यामुळे बाबांना मी काय बोलणार होते?

मला भीती आईची होती. आई फसवलेलं विसरत नाही. शिवाय तिने ती गोष्ट आमच्यासारखी नुसती सांगितली नव्हती, बाबांच्या डोळ्यांची खात्री देऊन सांगितली होती. तिला हे आत्ता इथे, नव्या साडीत, कळू नये एवढंच मला वाटत होतं.

आमची जिप्सी आली. उघडी गाडी, मागे उंचावर दोन बाकं. पुढे चालवणारा आणि त्याच्या शेजारी गाईड. बाबांनी आईला हात देऊन वर चढवलं, मग मला. पुऱ्यांची पिशवी माझ्याकडे दिली. मग त्यांनी मागचं फळकूट लावलं, कडी नीट बसली की नाही ते हलवून पाहिलं, आणि दोन पावलं मागे सरून उभे राहिले. दोन्ही हात पाठीमागे.

जिप्सी सुरू झाली. गाईडने मागे वळून पाहिलं. "और आप?"

"मैं गाड़ी के पास हूँ," बाबा म्हणाले.

अगदी साध्या आवाजात म्हणाले. त्यांना आपण काय म्हणालो ते कळलंच नसावं. आई हसायला लागली. "अहो, कुठे राहता? आज तुम्हीच साहेब आहात, चला चढा."

बाबाही हसले, पण त्यांचे कान लाल झाले होते. ते वळसा घालून पुढे गेले आणि गाईडच्या जागेवर चढू लागले. गाईड म्हणाला, "ये मेरी सीट है, सर. आप पीछे, फैमिली के साथ." तेव्हा ते मागे आले. मी सरकून त्यांना आईच्या शेजारी जागा केली.

आत गेल्यावर काही वेळ मी सगळं विसरले. इतकं शांत ठिकाण मी आधी पाहिलं नव्हतं. दोन्ही बाजूंना उतरते डोंगर, बरीचशी झाडं पानं गळून करडी झालेली, मध्येच एखाद्या नाल्यापाशी हिरवी ओल. चितळांचा कळप रस्त्यावर उभा होता, आम्ही अगदी जवळ गेल्यावर सावकाश बाजूला झाला. मोर तर इतके की आई पहिल्या दहानंतर बोट दाखवायची थांबली. रस्ता कच्चा होता आणि सारखा चढत उतरत होता. प्रत्येक उताराला बाबांचा उजवा पाय फळीवर दाबला जायचा, ब्रेक मारल्यासारखा. आईने ते पाहिलं.

"पाय आवरा. गाडी तो चालवतोय."

"जोरात नेतोय जरा."

"तुम्हाला सगळे जोरातच नेतात असं वाटतं."

मग ती विचारायला लागली. तो ठसा कुठल्या नाल्यात होता? सांबर उभं होतं ते वळण हे का? बाबा म्हणायचे, "पुढे," किंवा "असंच एक." मी मध्ये मध्ये बोलत होते. गाईडला झाडांची नावं विचारत होते, जी मला नको होती. आईला पाणी दिलं, पुन्हा दिलं. ती म्हणाली, "मला तहान नाही गं. तू आज एवढी बडबड काय करतेस?"

एका चढावरून उतरलो आणि तळं आलं. जिप्सी काठापासून थोडी वर थांबली. इंजिन बंद झालं. पाणी मोठं होतं, पलीकडे डोंगर सरळ त्यात उतरत होता. पांढरे लांब मानेचे पक्षी उथळ भागात उभे होते. गाईडने दुर्बीण दिली आणि पलीकडचा खडक दाखवला. त्यावर मगर होती. खरंच होती. दुर्बिणीशिवाय लाकडाचा ओंडका वाटली असती.

आई पुढे झुकली. मोबाईल काढला. मग आजूबाजूला बघू लागली. डावीकडे लांब, दुसऱ्याच काठाला, दोन सांबरं गुडघाभर पाण्यात उभी होती.

"भैया, वो इधर कब आयेंगे? मगर के पास?" तिने विचारलं.

"कौन, सांभर? मगर के पास क्यों आयेगा, मैडम?"

"पानी पीने. दोनों साथ में रहते हैं ना यहाँ. इन्होंने देखा है."

गाईड तरुण होता, पण नीट सांगणारा होता. त्याने बाबांकडे पाहिलं, मग आदबीने म्हणाला, "पानी तो एक ही है, मैडम, पर सांभर देख के उतरता है. छोटा बच्चा हो तो मगर ले भी जाता है. चार कदम पे खड़ा रहे, ऐसा तो मैंने नहीं देखा. सर ने देखा होगा."

आईने बाबांकडे पाहिलं. मी म्हटलं, "उन्हाळ्यात पाणी कमी होतं ना, आई, तेव्हा येत असतील जवळ, जागाच कमी..."

"तू थांब," आई म्हणाली. "अहो, सांगा ना याला. खडकावर होती ना मगर? आणि हे असं समोर?"

बाबा दोन्ही हातांनी पुढच्या बाकाची दांडी धरून बसले होते. त्यांना हो म्हणता आलं असतं. गाईडने त्यांच्यासाठी वाटही ठेवली होती. मी मनात म्हणत होते, हो म्हणा आणि चला.

"मी नाही पाहिलं," ते म्हणाले. "त्या पाहुण्यांची एक छोटी मुलगी होती, ती सांगत होती घरी जाताना. मी ऐकलं." आणि जरा थांबून, "मी कधी आत आलोच नाही. आज पहिल्यांदाच."

आईला लगेच कळलं नाही. "म्हणजे त्या वेळी नाही आलात."

"कधीच नाही."

"आणि वाघाचा पाय?"

"ते साहेबांनी पाहिलं होतं."

"आणि पक्षी, हातावरचा?"

"तेही."

आईने मोबाईल खाली ठेवला. मराठी कळत नसूनही गाईडने तोंड पुढे वळवलं. कुणीतरी रडायला लागेल की काय असं मला वाटलं आणि ती बहुतेक मीच असणार होते.

"मी विहारात उभं राहून सांगितलं," आई म्हणाली. आवाज चढला नव्हता. "डोळ्यांनी बघितलं म्हणून. वीस बायका होत्या. मला एक शब्द सांगता येत नव्हता का तुम्हाला? मी घरी येऊन तुम्हाला सांगितलं, सगळ्यांना किती आवडलं. तेव्हाही तुम्ही नुसतं हां म्हणालात."

"तू खूश होतीस."

"म्हणून?"

बाबा पाण्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मी आलो की तू विचारायचीस, काय काय पाहिलं. दिवसभर पार्किंगमध्ये बसलो होतो, हे काय सांगायचं? चार लोकांना जंगल दाखवून आणलं आणि स्वतः काय पाहिलं, तर गाडीचं टायर."

गाईडने हळूच विचारलं, चलें? आईने हाताने हो सांगितलं. जिप्सी निघाली. आई तोंड फिरवून तिच्या बाजूच्या झाडीकडे बघत होती. एक नीलगाय आली, गाईडने नाव सांगितलं, मी एकटीने मान हलवली. मला वाटत होतं, ही सहल मी ठरवली नसती तर बरं झालं असतं. त्या जुन्या गोष्टी आमच्या घरात कुणाला काही त्रास देत नव्हत्या.

मग आईने बाहेर बघतच विचारलं, "मग करायचात काय? सकाळपासून संध्याकाळपर्यंत?"

"कुठे?"

"पार्किंगमध्ये."

"बसायचो."

"वीस वर्षं नुसतं कोणी बसतं का?"

बाबांनी विचार केला. बाकीचे ड्रायव्हर असतात, म्हणाले, पत्ते खेळतात. ते स्वतः खेळत नसत. सीटचं कव्हर काढून झाडाखाली अंथरायचे आणि पडायचे, पण झोप येऊ द्यायची नाही, कारण माकडं. लंगूर गाडीच्या टपावर उड्या मारतात, वायपर वाकवतात. एकदा एकाने बाबांचा डबाच बॉनेटवरून उचलून नेला, झाकण तिथेच झाडावर बसून उघडलं.

आई वळली. "कुठला डबा?"

"तुझाच. दुसरा कुठला?"

"मग त्या दिवशी जेवलात काय?"

"चहा घेतला."

"डबा धुवायला टाकला नाही म्हणून मी विचारलं होतं. तर म्हणालात, हॉटेलात विसरला, साहेबांनी जेवू घातलं." आई आता खरंच चिडली होती, मघापेक्षा जास्त. "सकाळी पाचला उठून केला होता मी तो डबा. आणि तुम्ही उपाशी आलात, आणि रात्री मला म्हणता पोट भरलंय, थोडंच वाढ."

"अगं, ती फार जुनी गोष्ट आहे."

"मला आज कळली."

बाबा कसंनुसं हसले. आई हसली नाही. पण ती आता त्यांच्याकडे तोंड करून बसली होती. "आणखी काय?" तिने विचारलं.

तेव्हा बाबांनी मोराचं सांगितलं. ती गोष्ट मी याआधी कधी ऐकली नव्हती. ऑफिसची गाडी काळी होती आणि बाबा ती आरशासारखी ठेवायचे. एका दुपारी एक मोर आला, दारापाशी थांबला, आणि त्याला दारात दुसरा मोर दिसला. त्याने चोच मारली. दारातल्यानेही मारली. मग तो उडी मारून पायाने मारायला लागला. बाबा धावले, हाकललं. मोर गाडीच्या दुसऱ्या बाजूला गेला. तिथेही तोच.

"साहेबांची गाडी," बाबा म्हणाले, "आणि हा दारावर ओरखडे काढतोय. मी इकडे गेलो की तो तिकडे. त्याला मी दिसतच नव्हतो. त्याला फक्त तो दुसरा दिसत होता. सगळे ड्रायव्हर बाजूला उभे राहून हसत होते, कोणी म्हणे शेपटी धर, कोणी म्हणे एफआयआर कर. अर्धा तास मी गाडीभोवती फिरत होतो."

बाबांचे हात दांडीवरून सुटले होते आणि मोर कसा उडी मारायचा ते दाखवत होते. समोर बसलेला गाईड अचानक हात वर करून कुजबुजला, "सांभर. बड़ा नर है. बिल्कुल पास." चालवणाऱ्याने इंजिन बंद केलं. रस्त्याच्या कडेला, दहा पावलांवर, मोठ्या शिंगांचं सांबर उभं होतं, कान आमच्याकडे केलेले. मी पाहिलं. त्याच्या शिंगांवर गवत नव्हतं.

"एक मिनट, भैया," आई म्हणाली, त्याच्याकडे न बघता. आणि बाबांना, "मग? काय केलं?"

"चहावाल्याकडून चादर आणली आणि गाडीवर टाकली."

"हे तुम्ही साहेबांना नाही सांगितलं? आल्यावर?"

"नाही."

"काहून?"

"सगळे वाघाबद्दल बोलत होते," बाबा म्हणाले. "त्यांना वाघ दिसला होता त्या दिवशी."

आई अजून त्यांच्याकडेच बघत होती. सांबर दोन पावलं चाललं, थांबलं, आणि झाडीत गेलं. गाईडने माझ्याकडे पाहून खांदे उडवले.

"बरं," आई म्हणाली. "मग चादर टाकल्यावर गेला का तो?"

"कुठला जातो," बाबा म्हणाले. "एका चाकाची चकचकीत व्हीलकॅप उघडी राहिली होती."